सतरा नंबरचं औषध

कॉलेजच्या प्रयोगशाळेत मी काचसामान धुतो. शिक्षण चौथी. साठी उलटली तरी ठेवलंय, कारण माझ्या बाटलीत साबण राहत नाही. राहिला तर पेशी मरतात, एवढं मला कळतं.

आमच्या मॅडम रक्तातल्या, रोगाशी लढणाऱ्या पेशी वाढवतात. पेशींना मुद्दाम चिडवतात, मग पेशी सूज आणणारा रस सोडतात. त्यांच्यावर नवी बनवलेली रसायनं घालायची, प्रत्येकाला नंबर. शेवटी ताटलीच्या खळग्यांत रंग चढतो. गडद पिवळा म्हणजे सूज आहे, फिकट म्हणजे बसली. हे वाचायला शाळा लागत नाही.

घरी, रोडपालीला, बायकोची बोटं संधिवाताने सुजलेली. भाकरी थापणं कधीच सुटलं होतं. मी थापायचो, ती नावं ठेवायची.

एका दुपारी सतरा नंबरचे खळगे पार फिकट दिसले. मॅडम म्हणाल्या, "काका, थांबा, दुसरी चाचणी बाकी आहे." मी कसला थांबतो. घरी जाऊन सांगून मोकळा झालो.

"तुझं औषध गावलं. सतरा नंबर."

"कदी देनार?"

"येईल. तुझ्या हातची भाकरी खायचीय मला."

"मंजी तुमच्या भाकरीतून सुटले मी," ती हसली. बऱ्याच दिवसांनी.

दुसऱ्या दिवशी जांभळ्या रंगाची चाचणी झाली. जिवंत पेशी जांभळ्या होतात. सतराचे खळगे कोरे. पेशी मेल्या होत्या, म्हणून सूज नव्हती. मॅडमनी नंबरावर काट मारली.

मी घरी बोललो नाही. ती रोज विचारायची, "सतराचा काय झाला?" मी म्हणायचो, "चाललंय." पुढे छातीत कफ भरला, दवाखान्यात नेली. तिथं शेजारच्या खाटेवरच्या बाईला सांगत होती, "आमच्या यांच्या कामावर माजं औषध बनतंय." चार दिवसांत गेली.

परवा मॅडमनी हाक मारली. "काका, एकतीस नंबर फिकट आलाय."

"जांभळं बघितलंत?"

"बघितलं. पेशी जिवंत आहेत."

मी विचारलं, औषध कधी होणार? म्हणाल्या, आधी उंदरांवर, मग माणसांवर, वर्षं जातील, आणि मध्येच फसेलही. हे तेव्हाच विचारून, सतरा फसला हेही घरी सांगायला हवं होतं. तिने शिव्या घातल्या असत्या. घालू द्यायला हव्या होत्या.