छोटी लाईन, भरलेलं धरण

आमच्या घराण्यात आजवर एकच रेल्वे अपघात झाला आणि तो मी घडवला. दगावलेल्या सगळ्या बायका मातीच्या होत्या. त्यांतली एक माझी आई होती.

आधी माझी ओळख. माझं नाव गंगा. (दुष्काळात हे नाव बाळगणं म्हणजे फिर्यादीला निमंत्रण. त्या उन्हाळ्यात लोक मला हाक मारायचे आणि मग स्वतःच उसासा टाकायचे.) लातुरात गोलाईच्या बाजारामागे अप्पांचा, म्हणजे माझ्या वडिलांचा, छोटा छापखाना होता. तिथे लग्नपत्रिका कमी आणि पत्रकं जास्त छापली जात. अंकलिपीच्या आधी मी 'जाहीर निषेध' वाचायला शिकले. लहानपणी मी जेवायला मागत नसे, मागणी करत असे. ती फेटाळली गेली की उंबऱ्यात बसून उपोषण करी, आणि पिठल्याचा वास आला की ते सन्मानपूर्वक मागे घेई.

अप्पांचे धाकटे भाऊ मन्मथकाका. त्यांचं भांड्यांचं दुकान. त्या वर्षी पाणी नव्हतं, म्हणून हंडे मात्र जोरात खपत होते. काकांना या कमाईची लाज वाटे, आणि लाज वाटली की ते दुकानाच्या मागच्या खोलीत जाऊन खेळण्यातली रेल्वे चालवीत.

खेळणं म्हटलेलं त्यांना खपत नसे. मुंबईच्या एका व्यापाऱ्यानं त्यांना ती विजेवर चालणारी परदेशी गाडी भेट दिली होती. इंजिन, डबे आणि रुळांचं कडं. डब्यांच्या टपांवर कारखान्यातूनच बर्फ रंगवून आलेलं! बाहेर मे महिना, आडात खापरं, आणि आमच्या खोलीत बर्फाच्छादित गाडी. गल्लीतल्या बायका हंडे रांगेत ठेवून ती बघायला यायच्या. काकीनं तर एकदा ते बर्फ बोटानं चाचपून पाहिलं होतं.

काकांना ती गाडी आपल्याकडची करायची होती. पण कुठली? आमच्या भागात लाईनी तीन मापांच्या. लातूरहून कुर्डुवाडीला जाणारी छोटी, नांदेडची मधली आणि लातूर रोडची मोठी. काकी नांदेडजवळच्या अर्धापूरची, केळीच्या बागेत वाढलेली. ती नांदेडसाठी अडून बसली. "हे काय करून राहिले तुम्ही? लातूरची गाडी तर म्हशीला वाट देती."

"म्हैस आधी आलेली असती," काका म्हणाले.

शेवटी त्यांनी छोटीच लाईन निवडली. परदेशी इंजिनाचा वरचा सांगाडा काढून ठेवला आणि तेलाच्या डब्याचा पत्रा कापून त्याच चाकांवर आपल्या लातूरच्या इंजिनाचं नवं अंग बसवलं. पाहिजे ते अंग पाहिजे तेव्हा चढवता येई. पत्र्याचं इंजिन मोठं, पोट सुटलेलं, रुळांच्या दोन्ही बाजूंना ओघळणारं. खरी छोटी लाईनही तशीच होती. रूळ अरुंद आणि अंग रुंद, बारीक पायांची म्हैस चालल्यासारखी.

"पण रूळ तर तेच आहेत," मी म्हटलं. "मग ही छोटी लाईन कशी झाली?"

"गंगे, रूळ तेच ऱ्हातात. बाजूला शेंगदाण्याएवढी माणसं ठिवली तर ही मोठी लाईन. बोटाच्या पेराएवढी ठिवली तर हीच छोटी. लाईन किती मोठी हाय, ते माणसावरनं कळतं."

मला हे गमतीदार वाटलं. राग यायला कचेरीतले साहेब यावे लागले.

तेव्हा आमचा जिल्हा उस्मानाबादेतून फुटून नवाच झाला होता. कचेरीच्या भिंतींचा रंग ओला होता, खुर्च्यांवरचं प्लास्टिक काढलं नव्हतं. जिल्हा नवा, पण टंचाई मात्र उस्मानाबादेहून बढतीवर बदली होऊन आलेली. अशा वेळी कचेरीनं विकासाचं प्रदर्शन भरवायचं ठरवलं. मांडवाच्या मधोमध 'उद्याचा जिल्हा' नावाचा देखावा, त्यात धावती रेल्वे. ती जबाबदारी काकांकडे आली. प्रदर्शनाचे साहेब दुकानात आले, पत्र्याचं इंजिन पाहून त्यांनी नाक मुरडलं. उद्याच्या जिल्ह्यात छोटी लाईन शोभत नाही, मोठी दाखवा, म्हणाले.

काकांनी त्यांना धीर दिला. रूळ बदलायची गरज नाही. परदेशी इंजिनाचं जुनं अंग परत चढवतो, बर्फ खरवडतो, आणि बाजूची माणसं, घरं लहान करतो. झाली मोठी लाईन.

साहेबांचा चेहरा उजळला. "अरे वा. मग करा की माणसं लहान."

त्या रात्री मी जेवले नाही. (पिठलं नव्हतं.) 'माणसं लहान करून लाईन मोठी होत नाही' या मथळ्याचं पत्रक लिहिलं. अप्पांनी त्याचे खिळे जुळवले. मी मथळ्यापुढे पाच उद्गारचिन्हं मागितली होती, त्यांनी दोन दिली. बाकीची एका लग्नपत्रिकेत अडकली होती.

साहेबांना देखाव्यात धरणही हवं होतं, काठोकाठ भरलेलं. काकांनी निळा ऑइलपेंट सुचवला. साहेब म्हणाले, छे, खरं पाणी पाहिजे, पाहुण्यांना लाटा दिसल्या पाहिजेत. मग काकांनी जस्ताच्या पत्र्याची चांगली ऐसपैस टाकी केली, आणि जो टँकर आमच्या गल्लीच्या तोंडाशी कधी थांबला नव्हता, तो मांडवात येऊन मागे मागे घेत धरण भरून गेला.

आता आमच्या घरातल्या पाण्याचं सांगते. विहिरीवरच्या रेटारेटीत पडून अव्वाचा, म्हणजे आईचा, उजवा हात मोडला होता. तो प्लास्टरमध्ये. मी पाणीटंचाईवर पत्रकं लिहिण्यात गुंतलेली असल्यामुळे ती डाव्या हातानं पाणी आणत होती.

हे बघून काकीनं साहेबांना गाठलं आणि सौदा केला. पाहुणे गेले की धरणातलं पाणी आमच्या गल्लीचं. साहेबांनी आनंदानं मान डोलवली, नाहीतरी ते ओतायचंच होतं. गल्लीत सणासारखं झालं. कुणाच्या वाट्याला किती हंडे, कुणी पुढे उभं राहायचं, सगळं ठरलं. अव्वाला निदान आठवडाभर विहीर चुकणार होती.

एकटी मीच विरोधात. मी म्हटलं, आपल्याला प्रदर्शनाचं उष्टं पाणी नको, हक्काचा टँकर पाहिजे.

अव्वा चुलीपुढून म्हणाली, "आण की हक्क. तवर हंड्यात काय भरू, ते सांग."

मग मी कृतीकडे वळले.

मी ठरवलं, देखाव्यात माणसं लहान असतील तर असोत, पण पाण्याच्या रांगेतल्या बायका मोठ्याच उभ्या राहतील. खऱ्या मापाच्या, बोटाच्या पेराएवढ्या. त्या कलेक्टर कचेरीपेक्षा उंच दिसतील, पाहुणे वाकून बघतील, विचारतील, आणि मी पत्रक देईन. माती आणायला मी गावाबाहेरच्या कोरड्या तलावात गेले. तलावातला गाळ काढा, अशी मागणी मीच मागच्या पत्रकात केली होती. आता टोपलीभर मी स्वतः काढला, अंमलबजावणीची सुरुवात म्हणून.

बायका छान जमल्या. कुणाच्या डोक्यावर हंडा, कुणाच्या कडेवर पोर. एकीचा हात खडूनं पांढरा केला. ती अव्वा. भाजायला वेळ नव्हता, उन्हात वाळवल्या. प्रदर्शनाच्या सकाळी काका ओला पंचा अंगावरून फिरवत असताना (त्या वर्षी यालाच आंघोळ म्हणत) मी मांडवात गेले. रूळ आणि धरण यांच्यामध्ये त्याच गाळाचा ओटा घातला आणि त्यावर रांग उभी केली. मी बेजबाबदार नव्हते. रूळ मोजले, गाडी फिरवून पाहिली. परदेशी इंजिन बायकांच्या पदराला न लागता झुळकन गेलं.

काका आले. रांगेपाशी वाकले. "बायका लई कडेला हुब्या केल्यास, गंगे."

"जनता कायम कडेलाच असते," मी म्हटलं. वाक्य इतकं चांगलं झालं की पुढचं कुणी ऐकलंच नाही.

पाहुणे आले. मंत्री होते, खातं आठवत नाही, हार आठवतात. आमची गल्ली दोरीपलीकडे रिकामे हंडे घेऊन उभी होती. साहेबांनी बटण दाबलं, मोठी लाईन धावली, शेंगदाण्याएवढा जिल्हा सुखी दिसत होता. पाहुणे माझ्या बायकांपाशी वाकले. मी पत्रक पुढे केलं.

तेवढ्यात त्यांची नजर टेबलाच्या कोपऱ्यावर गेली. काकांनी पत्र्याचं इंजिन तिथे ठेवलं होतं. चालवायला नाही, नुसतं. आजारी पोराला लग्नाला न्यावं तसं. पाहुण्यांचा चेहराच बदलला. "ही आपली छोटी गाडी. हिच्यात बसून मी शाळेला जायचो." त्यांनी ते उचललं, कुरवाळलं. हिलाच चालवा, म्हणाले. साहेबांनी काकांकडे पाहिलं. काकांनी माझ्याकडे पाहिलं, मग बायकांकडे.

"ती नको, साहेब," काका हळूच म्हणाले.

"का? चालत नाही का?" पाहुण्यांनी विचारलं, आणि काकांमधला कारागीर दुखावला गेला. त्यांनी अंग बदलून इंजिन रुळांवर ठेवलं. पाहुण्यांनी वेग कमी-जास्त करायचा खटका स्वतःच्या हातात घेतला.

ते सुटलेलं पोट घेऊन इंजिन वळणावर आलं. पहिल्या फेरीत पुढच्या चार-पाच बायका पाण्यात! साहेबांना वाटलं तसंच असतं, त्यांनी टाळ्या वाजवल्या. मांडवभर टाळ्या. पाहुणे खूश होऊन खटका फिरवू लागले, थांबवायच्या बाजूला नव्हे. दुसऱ्या फेरीत हंडेवाल्या गेल्या, पोरं गेली. सत्ता पाहुण्यांच्या हातात होती, आणि 'बाजूला व्हा' असं त्यांना सांगणारा माणूस नव्या जिल्ह्यात अजून नेमलेला नव्हता. तिसऱ्या फेरीला पांढऱ्या हाताची बाई एकटीच उभी होती. इंजिनानं तिला पोटाशी धरलं, ओटा खचला, आणि बाई, ओटा, इंजिन, सगळं एकदम धरणात.

मोठा चर्र आवाज झाला. पाहुण्यांच्या हातावर चिखल उडाला. त्यांनी आजूबाजूला पाहिलं, माझ्या हातातलं पत्रक घेतलं, आणि हात पुसले.

दोरीपलीकडून अव्वाचा आवाज आला. रागाचा नव्हता, नोंद केल्यासारखा होता. "घरात प्यायला पानी न्हाई, आन् हितं मला बुडवून मारलीस."

काकांनी बाही वर करून इंजिन बाहेर काढलं. त्याच्या पोटातून पाणी गळत होतं, मोटर गेली होती. छोटी आणि मोठी, दोन्ही लाईनींची ती एकच मोटर होती. ते मला रागावले नाहीत. एवढंच म्हणाले, "रूळ मोजलेस. गाडी कुठं मोजलीस?"

पाहुणे भाषणाला गेले. साहेबांनी शब्द पाळला. धरणाकडे बोट केलं आणि आमच्या गल्लीकडे न बघता निघून गेले. (पुढे त्या उन्हाळ्यात त्यांनी गल्लीकडे पाहिलंच नाही, टँकरनंही नाही.) बायका हंडे घेऊन पुढे आल्या. पाण्याचा रंग चहासारखा झाला होता आणि त्यावर खडूची साय तरंगत होती. कुणीतरी शिवी दिली असती तर मला बरं वाटलं असतं, मुद्देसूद उत्तर देता आलं असतं. काकीनं पदर खोचला, पहिला हंडा बुडवला. मग सगळ्यांनी बुडवले. अव्वानं डाव्या हातानं.

घरी आल्यावर तिनं हंड्यात तुरटी फिरवली आणि वर माझ्या मागच्या उरलेल्या पत्रकांचा गठ्ठा झाकण म्हणून ठेवला. सकाळी पाणी वरून नितळ झालं होतं. मी तांब्या बुडवायला गेले.

"वरचं वरचं घे," अव्वा म्हणाली. "हालवू नको. खाली मी बसले हाय."

मी वरचं वरचं घेतलं. झाकणाच्या पत्रकावर माझाच सवाल होता, धरणं गाळानं बुजेपर्यंत सरकार काय करत होतं? सरकारचं मला अजून कळलेलं नाही. पण त्या उन्हाळ्यात सबंध नव्या जिल्ह्यात काठोकाठ भरलेलं धरण एकच होतं. ते गाळानं बुजवायला सरकारला वीस-पंचवीस वर्षं तरी लागली असती. मी ते पाहुण्यांचं भाषण सुरू व्हायच्या आत उरकलं.