पाठीत लागलेली गोळी

चेन्नईत गिंडीच्या एका छोट्या कारखान्यात मी तीस वर्षं मापं तपासतो. लेथवरून उतरलेला शाफ्ट मायक्रोमीटरने मोजायचा, मापात असला तर पास, नसला तर भंगारात. या कामाने माणसाचा स्वभाव बिघडतो. इडली कितपत फुगली यावरही मी शेरा मारतो, आणि बायको म्हणते, तुम्हाला जेवायला वाढायचं म्हणजे परीक्षेलाच बसायचं.

माझे मामा आमच्याच घरी, अड्यारला राहतात. आम्ही तंजावरकडचे मराठी. घराण्यात सगळे कारकून नाहीतर शिक्षक, बंदूक धरलेला माणूस एकच. मामा तरुणपणी फौजेत होते, बांगलादेशच्या लढाईत होते. त्यामुळे कुठलंही कार्य असलं की जेवणं आटोपल्यावर मामांनी लढाई सांगायची, ही आमच्याकडची रीतच. गोष्ट तशी छोटी. पहाटे ओढा ओलांडून समोरची चौकी घेतली, त्यात सोबतचा एक तमिळ जवान, ज्याला मामा अण्णा म्हणत, तो गेला, आणि मामा एकाच बुटानिशी परत आले. पण दर वेळी ती वेगळी व्हायची. कधी पाणी गुडघ्याएवढं, कधी कमरेएवढं. कधी चौघे जण, कधी सहा. कधी धुकं, कधी लख्ख उजाडलेलं.

मला ते खपेना. खिशातल्या तपासणीच्या वहीत मी एकेक फरक टिपून ठेवू लागलो. एका बारशाला मामा रंगात आले असताना वही काढली आणि सगळ्यांदेखत वाचून दाखवली. पाणी : गुडघा, कंबर, छाती. माणसं : चार, सहा, पाच. हशा पिकला. मामाही हसले, कॉफीचा टंबलर खाली ठेवून उठले आणि त्यानंतर दोन वर्षं त्यांनी लढाईचा शब्द काढला नाही. लबाडी पकडली म्हणून मी खुशीत होतो. आज ते लिहिताना लाज वाटते.

मग एका रविवारी सकाळी पन्नाशीतल्या एक बाई दारात उभ्या राहिल्या. एन्नोरहून दोन बस बदलून आल्या होत्या. मामा अंघोळीला गेले होते, म्हणून त्या माझ्याशीच बोलू लागल्या, तमिळमध्ये, भराभर, जणू थांबल्या तर धीर सुटेल. मामांच्या गोष्टीतला अण्णा म्हणजे त्यांचे वडील. वडील गेले तेव्हा त्या पाळण्यात होत्या. माजी सैनिकांच्या एका मेळाव्यात त्यांना मामांचा पत्ता मिळाला होता.

"गोळी पाठीत लागली होती," त्या म्हणाल्या. "तुकडीतल्या कुणीतरी तेव्हाच गावात सांगितलं. आमचा कोळ्यांचा पाडा. पाठीत गोळी म्हणजे पळत होता, असं सगळ्यांनी धरलं. अम्मा अजून आहे. पन्नास वर्षं ती विहिरीवर, बाजारात मान खाली घालून गेली. तो पळाला होता का, एवढंच मला विचारायचंय. जे असेल ते चालेल."

मामा बाहेर आले. बाई कोण हे कळल्यावर त्यांचा चेहरा उतरला. त्यांनी बाईंना बसायला खुर्ची दिली, पण बाईंनी त्या पहाटेचं विचारताच गोष्ट सांगायला साफ नकार दिला. माझ्याकडे बोट करून घरच्या मराठीत म्हणाले, "माझंच घर मला लटकं म्हणतं. मी काय सांगूं? काढ तुझी वही, तूंच वाचून दाखीव."

माझी मान खाली गेली. आणि खरं सांगतो, त्या क्षणी मला कारखाना आठवला. एखाद्या पोराने शाफ्टच्या दहा जागी दहा मापं घेतली आणि दहाही आकडे तंतोतंत सारखे आले, तर मी वही त्याच्या अंगावर फेकतो. कारण त्याने मोजलेलंच नसतं, बसल्या जागी लिहिलेलं असतं. खरं मोजणाऱ्याचे आकडे थोडे हलतातच. हे रोज ओरडून सांगणारा मी, घरच्या म्हाताऱ्याकडून मात्र दहा सारखे आकडे मागत होतो! आणि हलणारे आकडे टिपण्याच्या नादात, न हलणारा आकडा मी कधी पाहिलाच नव्हता.

मी म्हटलं, "मामा, पाण्याचं राहू द्या. दर वेळी तुमचा डावाच बूट जातो. तो गेला कसा?"

 मामा त्या बाईंकडे वळले आणि तमिळमध्ये बोलू लागले, खाली बघत.

"आम्ही ओढा ओलांडत होतो. तुझा अप्पा पुढे होता. तो पलीकडे बांधाआड पोचला, सुटला होता. माझा पाय चिखलात रुतला. मी एकवीस वर्षांचा, घाबरलो. हाक मारली, 'अण्णे!' एकदाच. तो मागे फिरला. शत्रूकडे पाठ करून माझ्यापुढे वाकला, पट्टा धरून मला ओढलं. पाय निघाला, बूट आत राहिला. तेवढ्यात त्याला लागली." मग म्हणाले, "मी हाक मारायला नको होती. हेच मी कुणाला सांगितलं नाही."

पाठीतल्या गोळीविषयी त्यांच्यासमोर कुणी अवाक्षर काढलं नव्हतं. मी आणि त्या बाई एकमेकांकडे पाहत राहिलो. दोन वेगळ्या हातांनी घेतलेलं माप जुळलं की आमच्या धंद्यात पुढे वाद उरत नाही. आणि खोटं बोलणारा माणूस स्वतःला मोठं करतो, स्वतःवर आळ घेत नाही. मी मामांचे पाय धरले. त्यांनी माझ्या डोक्यावर टपली मारली आणि म्हणाले, "पुरे कीं."

बाई रडत होत्या. डोळे पुसून म्हणाल्या, "हे अम्माला तुम्हीच सांगा."

पुढच्या रविवारी मी मामांना घेऊन एन्नोरला गेलो. वाटेत त्यांनी दोनदा परत फिरू या म्हटलं. पाड्यातल्या त्या घराबाहेर जाळी वाळत होती, पलीकडे वीज केंद्राच्या चिमण्या धूर ओकत होत्या. ओट्यावर बसलेल्या म्हातारीसमोर मामा जमिनीवरच बसले आणि सगळं सांगितलं, स्वतःच्या हाकेसकट. शेवटी हात जोडून म्हणाले, "मी हाक मारली नसती, तर तो घरी आला असता."

म्हातारीने त्यांच्याकडे रोखून पाहिलं. मला वाटलं, आता ही शिव्या घालणार, आणि तो तिचा हक्कच होता.

"एकदाच हाक मारलीस?" तिने विचारलं.

"एकदाच."

"आणि आला?"

"आला."

"घरी मी दहा हाका मारायचे, तरी उठायचा नाही मेला," असं म्हणून ती हसायला लागली. हसता हसता डोळ्यांना पदर लावला. मग मुलीचा हात धरून उठली, दारात गेली आणि समोरच्या घराला, शेजारच्या घराला, कोपऱ्यावरच्या चहाच्या टपरीला, एकेकाचं नाव घेऊन खणखणीत आवाजात सांगू लागली,

"या रे सगळे! माझा नवरा ज्याच्यासाठी मागे फिरला होता, तो माणूस आलाय. त्याच्या तोंडून ऐका!"