दरीकाठची वाट आणि किल्लीचा प्रश्न

फोर बाय फोर गाडी घेऊन सहा महिने झाले. तेवढ्या काळात तिने सर केलेला सर्वांत अवघड प्रदेश म्हणजे भुकूममधल्या आमच्या सोसायटीचा स्पीडब्रेकर. बायको, सायली, रोज स्कूटीवरून लवळ्याचा चढ चढून कॉलेजात नोकरीला जाते. लायसन्स आहे, हातही चांगला आहे, तरी किल्ली मागितली की मी म्हणायचो, "ही गाडी वेगळी असते गं." शेवटी ती म्हणाली, "मग रविवारी दाखवच. नाही जमलं, तर किल्ली माझी."

जाणार असाल तर सकाळी लवकर निघा, नाहीतर पिरंगुटच्या चौकातच सगळं साहस उरकतं. पौडला मिसळ खा, दोघांत तीनशेच्या आत. डिझेलही तिथेच भरा. मुळशी धरण मागे पडल्यावर ताम्हिणीच्या बाजूला नदीच्या घळीवरून एक कच्ची वाट जाते. पावसाळ्यात तिकडे फिरकू नका. आम्ही हिवाळ्यात गेलो. खाली कातळात हिरवं पाणी, वर वाळलेली कारवी, आणि मध्ये मी, समोर मोबाईल लावून, व्हिडिओच्या प्रेक्षकांना ऑफरोडिंग शिकवत.

"उजवीकडे घे, डावं चाक सुटतंय," सायली म्हणाली. मी तिला चढाईचा कोन समजावून सांगू लागलो. तेवढ्यात कडेची माती ढासळली आणि डावं चाक खाली रुतलं. तिच्या खिडकीत आता फक्त दरी होती. दोघंही माझ्याच दारातून बाहेर पडलो.

मागून म्हशी घेऊन एक काका आले. वाट अडलेली.

"कोन चालवत व्हतं?"

"मी."

"मंग आता ताईंना बसू द्या. त्यांचं ध्यान वाटंवर हाय, तुमचं त्या मोबाईलवर. म्हशी खोळंबल्यात."

पार्किंग करताना घराघरांत बायको खाली उतरते आणि "येऊ दे, येऊ दे" म्हणते. नवरा ऐकतो असं नाही. इथे मी खाली होतो. सायलीने आधी छोटा लिव्हर ओढला. तो ओढल्याशिवाय चारही चाकांना जोर मिळत नाही, हे मी अख्ख्या ऑफिसला शिकवलंय. स्वतः विसरलो होतो.

"येऊ दे..." मी हात हलवत म्हणालो. गाडी हळूच वर आली. हायसं वाटलं, आणि लगेच थोडं वाईटही.

"जमलं की!" म्हणत काका म्हशी हाकत गेले.

परत येताना तिनेच चालवली. बाजूला बसून पहिल्यांदाच मला मुळशीचं पाणी नीट दिसलं. गाडीला लांबलचक ओरखडा आलाय. तो कुणामुळे, हे ती सोसायटीत कुणी न विचारताच सांगते.

सोमवारी सकाळी ती गाडी घेऊन लवळ्याला निघाली. स्कूटीची किल्ली माझ्या हातावर ठेवत म्हणाली, "जपून रे, ही गाडी वेगळी असते."