अण्णांच्या गुडघ्याखालची चार बोटं

आमच्या सुईअण्णांच्या डाव्या पायाला हुबळी-धारवाडच्या यच्चयावत फिजिओथेरपिस्टांनी सुया टोचल्या होत्या. तो पाय उन्हात धरला की चाळणीसारखा आरपार दिसे, हे मी शपथेवर सांगतो. माझ्या शपथेची किंमत अण्णांना ठाऊक होती.

जुन्या हुबळीत, त्यांच्या दवाखान्याच्या माडीवर, वर्षातून एकदा अ‍ॅक्युपंक्चरचा उजळणीवर्ग भरे. आम्ही केस पिकलेल्यांनीही तिथे पुन्हा पहिलीत बसायचं. अण्णा पँट गुडघ्यावर सारून पाय स्टुलावर ठेवत, डोळ्यांवर टॉवेल घेत आणि म्हणत, "हं, टोच." गुडघ्याच्या वाटीखाली चार बोटं मोजून सुई लावायची; नेमकी लागली की तिथे जड वाटतं.

"बोटं कुणाची?"

"रुग्णाची, अण्णा."

रुग्णाचाच हात धरून मोजायचं. केसभर चुकलं तरी टॉवेलाखालून आवाज येई, "तम्मा, बाळा, हे अलीकडचं रायापूर आलं. मला धारवाडला उतरायचंय."

गेल्या वर्षी बडबडीच्या भरात मी माझीच बोटं लावली. माझी बोटं म्हणजे राजेळी केळी, अण्णांची शेवग्याच्या शेंगा. सुई धारवाड सोडून पार पलीकडच्या केलगेरीच्या तळ्यात गेली.

"बरोबर," अण्णा म्हणाले. "छान जड वाटतंय."

मी त्यांच्या पोटरीला चिमटा काढला. मग आणखी जोरात.

"अण्णा, आत्ता मी काय केलं?"

टॉवेल हलला नाही. "काय केलंस?"

"चिमटा काढला. दोनदा."

अण्णांनी टॉवेल काढून पायाकडे पाहिलं, जणू दुसऱ्याच कुणाचा आहे. "रक्तात साखर आहे की रे. दिवाळीत चप्पल निसटली, तेही कळलं नाही."

"मग सांगितलं का नाही?"

"सांगितलं असतं तर हा पाय स्टुलावर ठेवू दिला असतास?"

अण्णांनी स्वतःच सुई काढली, पँट खाली केली. "लिहून घ्या. रुग्ण 'बरोबर' म्हणाला म्हणून भुलू नका. त्याला कळतंय का, ते आधी तपासा." मग स्टूल माझ्याकडे सरकवलं. "चल, तुझा पाय दे."

उन्हाळ्यात अण्णा गेले. शेजारचं मांजर मेलं तरी तासभर रंगवून सांगणारा मी. स्मशानातून आलो, जेवलो, झोपलो.

यंदाच्या वर्गात पाय माझा होता. एका मुलीने आधी पोटरीला चिमटा काढून पाहिला, मी कळवळल्यावर माझा हात धरून चार बोटं मोजली आणि सुई लावली. अगदी नेमक्या जागी.

"काय वाटतंय, सर?"

"थांब," मी टॉवेलाखालून म्हणालो. "अजून काहीच नाही."