देवाच्या पायाशी गेलेला भोपळा

"भोपळा कुठाय?" मी तिसऱ्यांदा विचारलं, तेव्हा सुमनने नारळ खवता खवता मान वर न करता देवळाच्या सभामंडपाकडे बोट केलं.

मी पदराला हात पुसत गेले. बघते तर काय, सत्यनारायणाच्या चौरंगापुढे माझा भोपळा बसलेला. हळदकुंकू लावलेलं, डोक्यावर जास्वंदीचं फूल, गळ्यात झेंडूचा हार. भोपळ्याला गळा नसतो, पण हार घातला की दिसतो.

आता जरा मागचं सांगते, नाहीतर तुम्हाला वाटेल ही बाई एका भोपळ्यासाठी एवढी काय घाबरली.

मी केटरिंग करते. रत्नागिरीत बरीच वर्षं झाली या धंद्याला. साखरपुडा, बारसं, मुंज, तेरावं, सगळं करते. शिकवलं कुणी नाही. पहिली ऑर्डर घेतली तेव्हा भात खाली लागला होता, तिथून शिकत गेले. हाताखाली पाच बायका. सुमन त्यातली सगळ्यात जुनी आणि सगळ्यात फटकळ.

ही ऑर्डर शहराबाहेरच्या एका वाडीतली. तिथला संदेश रिक्षा चालवतो. त्याची आर्या सहा वर्षांची. तिच्या काळजाला भोक होतं. पोर चार पावलं धावली की ओठ निळे पडायचे. डॉक्टर म्हणाले, आता थांबू नका, मुंबईला नेऊन ऑपरेशन करा. तारीखही मिळाली, पण अ‍ॅडमिट व्हायच्या आधी पैसे भरायचे होते, आणि संदेशने रिक्षा विकली असती तरी तेवढे जमले नसते. तेव्हा वाडीने ठरवलं, रविवारी देवळात पूजा घालायची आणि कुपन लावून जेवण ठेवायचं. लोक कुपन घेतील, जेवतील, पैसे आर्याला.

वाडीचे अध्यक्ष दत्ताभाऊ. माणूस चांगला, पण उत्साह आवरत नाही. ते माझ्याकडे आले ते कुपनं छापूनच. त्यावर मोठ्या अक्षरात मेन्यू: भात, काळ्या वाटाण्याची आमटी, कोशिंबीर आणि 'आर्याच्या आवडीचे घारगे'.

म्हटलं, "भाऊ, मेन्यू आधी मला विचारायचा असतो."

"काकी, फोनवर मजुरी नाय घेणार म्हणालात, म्हणून म्हटला तुम्हाला कशाला त्रास द्या!"

सामान वाडीतून जमणार होतं. कुणी तांदूळ दिले, कुणी वाटाणे, कुणी नारळ. आणि आर्याच्या आजीने, जनाआजीने, परसातला लाल भोपळा दिला. एवढा मोठा की दोघांनी मिळून टेम्पोत चढवला. मी मनात हिशोब केला: जेवढी कुपनं तेवढ्या माणसांचे घारगे त्या एका भोपळ्यात होतात. दुसरा आणायची गरज नाही.

घारगे म्हणजे काय ते घाटावरच्या वाचकांसाठी सांगते. भोपळा किसायचा, गुळात शिजवायचा, त्यात मावेल तेवढं तांदळाचं पीठ मळायचं, मग ते मुरू द्यायचं. मुरणं म्हणजे पीठ झाकून शांत ठेवणं. घाई केली की घारगा तेलात फुटतो. मग थापून तळायचे. एका वेळी कढईत मावतील तेवढे म्हणजे एक घाणा. पंगत एकला बसणार होती. म्हणजे भोपळा दहाच्या आत चिरायला हवा होता.

आणि तो देवापुढे हार घालून बसला होता.

"भाऊ, हा इथे कुणी आणला?"

"मीच," दत्ताभाऊ खुशीत म्हणाले. "ग्रुपवर फोटो टाकायचा होता. आजीच्या घरचा भोपळा देवाच्या पायाशी! काय शोभतोय बघा."

"शोभतोय. आता द्या मला."

त्यांचा चेहरा उतरला. "काकी, आता कसा देणार? कुंकू लागला त्याला."

इथे आमच्याकडची रीत सांगायला हवी. पूजेत जे देवापुढे ठेवलं, ते परत स्वयंपाकघरात जात नाही. आरती झाली की त्याचा लिलाव होतो. नारळ असो, केळ्याचा घड असो, बोली लावून घ्यायचं. पैसे देवाच्या कामाला. या वेळी देवाचं काम म्हणजे आर्या. आणि मोठ्या मनाचा माणूस बोली जिंकली की वस्तू घरी नेत नाही. 'देवाला परत' म्हणतो. मग तिचा पुन्हा लिलाव.

मी भाजीवाल्याला फोन लावला. तो म्हणाला, "काकी, लाल भोपळा रविवारचा संपला. दुधी हाय, देऊ?"

दुध्याचे घारगे! फोन ठेवला.

आरती झाली. लिलाव बोलायला अण्णा. आवाज असा की माइकची गरज नाही, पण माइक सोडत नाहीत. नारळ गेले, केळी गेली. मग भोपळा. मी पुढे जाऊन बसले. म्हटलं, जो घेईल त्याच्याकडून लगेच मागून घ्यायचा.

पहिली बोली वाडीतल्या दुकानदाराने जिंकली. मी उठणार तोच तो छाती काढून म्हणाला, "देवाला परत!"

टाळ्या.

दुसऱ्यांदा बोटवाल्या खलाशाने घेतला. रजेवर आलेला होता. "देवाला परत!" पुन्हा टाळ्या. तिसऱ्यांदा महिला मंडळाने वर्गणी काढून घेतला. मला वाटलं, बायका आहेत, बायकांना स्वयंपाक कळतो. त्यांच्या अध्यक्षीणबाई माझ्याकडे बघून गोड हसल्या आणि म्हणाल्या, "देवाला परत!"

सुमन मागून येऊन कानात म्हणाली, "काकी, आमटी उकळली. आता तेल तापवू की घरी जाऊ?"

"थांब गो जरा."

मग मी ठरवलं, आपणच घ्यायचा. चौथ्या फेरीला मी हात वर केला. माझाच भोपळा, मी बोली लावतेय! दुकानदार चढला, मी चढले. माझ्याकडे बघून त्याने सोडलं. अण्णा म्हणाले, "एक वार, दोन वार, तीन वार! काकींनी घेतला!" मी घाईने उठले. दोन्ही हात भोपळ्याला लावले. आणि अण्णांनी, नेहमीची सवय, माइकवर जोरात सांगून टाकलं, "आणि काकींनीही भोपळा देवाला परत केला आहे!"

सगळा सभामंडप उभा राहून टाळ्या वाजवतोय. जनाआजी डोळे पुसतेय. सांगा, मी तिथे काय म्हणणार होते? नाही नाही, मला घारगे करायचेत? हात जोडले आणि मागे आले.

"छान," सुमन म्हणाली. "पैसे गेले आणि भोपळा पण गेला."

तेवढ्यात मुंबईकर लिलावात उतरले. वाडीचं मुंबईत मंडळ आहे. त्याचे सुर्वेकाका व्हिडिओ कॉलवर. दत्ताभाऊ फोन उंच धरून उभे. देवळात रेंज अशी की सुर्वेकाकांचं बोलणं इकडे यायला वेळ, आणि इकडचं तिकडे पोचायला आणखी वेळ. काकांनी बोली लावली, "दोन हजार एक!" अण्णांनी माइकवर म्हटलं, "दोन हजार एक!" ते काकांना तिकडे उशिरा ऐकू गेलं. त्यांना वाटलं, कुणी दुसराच बोलतोय.

"अडीच हजार एक!" काका गरजले.

"अडीच हजार एक!" अण्णा.

"कोण तो? तीन हजार एक!"

इकडे सगळे गप्प. काका एकटेच स्वतःशी भांडतायत. मी दत्ताभाऊंना म्हटलं, "अहो, सांगा त्यांना, समोर कुणी नाही."

"सांगतोय काकी, पण ता पण उशिरा पोचतंय."

शेवटी सुर्वेकाकूंनी तिकडे फोन काढून घेतला तेव्हा ते थांबले. काय झालं ते कळल्यावर काका आधी रागावले, मग हसत सुटले. म्हणाले, "बोललो ते बोललो. पोरीच्या कामाला जातंय. भोपळा देवाला परत!"

मी मागे चुलीपाशी आले. खरं सांगते, राग येत होता आणि येतही नव्हता. भोपळा आर्यासाठी कमवत होता, जेवणापेक्षा जास्त. तो थांबवायचा कसा? आणि नाही थांबवला तर कुपनवर छापलेले घारगे कुठून आणू? मागच्या दाराशी संदेश बसला होता, आर्याचा बाप. माझी पातेली घासत. पुढे सगळे आपल्या पोरीसाठी पैसे टाकतायत ते बघवत नव्हतं त्याला. सकाळपासून घासलेलीच पातेली पुन्हा घासत होता.

सुमन सुरीला धार लावत म्हणाली, "आणि समजा मिळाला भोपळा. पहिली सुरी कोण लावणार? टेम्पोवाला गेला परत."

आमच्याकडे अख्ख्या भोपळ्याला पहिली सुरी बाईने लावायची नाही. पुरुषाने एकदा चिरा दिला की पुढे बायकांनी काय ते करायचं. मला ते पटतं असं नाही, पण ऑर्डरच्या ठिकाणी वाद नको म्हणून मी टेम्पोवाल्याला सांगते. तो एक चिरा देतो आणि चहा पितो.

आणि मला सुचलं. मी तशीच पुढे गेले आणि अण्णांच्या हातातला माइक घेतला. बरीच ओढाताण झाली, पण घेतला.

"मंडळी," म्हटलं, "भोपळा देवाचा झाला. तो कुणी घेऊ नका. देवाला आता त्याचा नैवेद्य हवा, आणि नैवेद्याला घारगे लागतात. तेव्हा भोपळ्याला पहिली सुरी लावायचा मान कुणाला, त्याची बोली लावा. हा मान परत करता येत नाही. एकदा चिरला की चिरला!"

मग जी बोली सुरू झाली! दुकानदार, खलाशी, आणि फोनवरून सुर्वेकाका. या वेळी काकू शेजारी बसून प्रत्येक आकड्याला "हा तुमचाच" म्हणून सांगत होत्या. जिंकले काकाच.

आता पंचाईत. काका मुंबईत, सुरी रत्नागिरीत. दत्ताभाऊ म्हणाले, फोन सुरीला टेकवू. अण्णा म्हणाले, फोनवर कुंकू लावू. खरंच लावलंही थोडं. मग फोनमधून उशिरा, तुटत तुटत आवाज आला.

"माझ्या वतीने... आर्याच्या बापाला... लावू दे."

संदेशला मी हाताला धरून आणलं. हाताला राख, साबण. मान वर करेना. सुरी घेतली, डोळे मिटले आणि घातली. भोपळा जून. सुरी अडकली ती हलेना. कुणीतरी धावत कोयता आणला. अण्णांनी माइक पुन्हा मिळवून गाऱ्हाणं घातलं, "देवा महाराजा, तुझी पोर आहे, तिला धावती कर रे महाराजा!" सगळे ओरडले, "होय महाराजा!" आणि संदेशने घातला घाव. भोपळा उभा फुटला. त्याबरोबर संदेशही. अर्धा भोपळा कवटाळून लहान मुलासारखा रडला.

मी थोडा वेळ रडू दिलं. मग म्हटलं, "दे रे बाबा आता. किसायचाय."

पीठ मुरायला वेळ नव्हता. पहिल्या पंगतीला आमटीभातच वाढला. लोक म्हणाले, घारगे नंतर, चालेल, बसतो. बसले पण. पहिल्या घाण्यातले बरेच तेलात फुटले, तेही प्रसाद म्हणून कागदात बांधून नेले. एक उरला नाही. मला चव बघायला पण नाही.

पैसे वेळेत भरले गेले. आर्याचं ऑपरेशन झालं. परत आली तेव्हा मी घारग्यांचा डबा घेऊन भेटायला गेले. या वेळी नीट मुरवलेलं पीठ, एकही फुटला नव्हता. पोर अंगणात कोंबडीमागे धावत होती आणि जनाआजी तिच्यामागे, "अगो, हळू!" म्हणत. ओठ लाल.

डबा उघडून पुढे केला. तिने वास घेतला आणि नाक मुरडलं.

"मला नको. मला भोपळा आवडत नाय."

"अगो, कुपनवर छापलं होतं ना, तुझ्या आवडीचे!"

"ते दत्तामामाला आवडतात," ती म्हणाली आणि पुन्हा कोंबडीमागे पळाली.

डबा दत्ताभाऊंच्या घरी देऊन आले. तेव्हापासून ऑर्डर घेताना मी दोन गोष्टी करते. आवड कुणाची, ते ज्याची आहे त्यालाच विचारते. आणि देवळातली ऑर्डर असेल, तर भोपळा गोणपाटाखाली झाकून ठेवते.