पंपावरचं कुंकू

देवाने मला कशासाठी घडवलं, हे मी सोडून सगळ्यांना माहीत होतं. आमच्या रानशेतच्या ख्रिस्ती मंडळीच्या पास्टरांना माहीत होतं, वडीलधाऱ्यांना माहीत होतं. तलासरीला राहणाऱ्या माझ्या आईलासुद्धा माहीत होतं, आणि ती तर कधी प्रार्थनेला येतही नाही. माझा आवाज मोठा, शिक्षण बारावी, नवरा वारलेला, मूलबाळ नाही. म्हणजे मी प्रचारिका व्हायचं, हे ठरलेलंच. वापीच्या पलीकडे दोन वर्षांचं प्रशिक्षण, मग पाड्यापाड्यांवर वचन सांगत फिरायचं. अर्ज भरून तयार होता. फक्त माझी सही राहिली होती.

मी हातपंप दुरुस्त करते. लोक मला पंपवाली म्हणतात. पास्टर या कामाला 'पोटापाण्याचं' म्हणायचे आणि मी मनातल्या मनात चडफडायचे. पण तोंड उघडत नव्हते. देवाचं काम पांढऱ्या साडीत होतं, ग्रीस लागलेल्या हातांनी नाही, असं मलाही वाटायचं.

खरं तर मी विश्वासात आले ती काही कुणाचं वचन ऐकून नाही. नवरा गेला तेव्हा मंडळीतल्या दोन बायका महिनाभर रोज यायच्या. लाकडं फोडायच्या, पाणी भरायच्या, माझी भाकरी थापायच्या आणि निघून जायच्या. एके दिवशी मीच विचारलं, तुम्हाला कोण पाठवतं? त्यांनी येशूचं नाव सांगितलं. मला एवढं पुरलं.

पण तेव्हा नवा विश्वास होता, अंगात नुसता जोर. सायवनकडच्या एका पाड्यावर पंपाला देव मानतात. त्याला हळदकुंकू लावतात, लाल दोरा बांधतात, खोलायच्या आधी नारळ फोडतात. मी तिथे तेलपाणी करायला गेले, तर आसपास कुणी नव्हतं. मी रॉकेलच्या चिंधीने सगळं कुंकू घासून काढलं आणि दोराही कापला. देवावर मोठे उपकार केल्यासारखी मी हात झटकत उभी राहिले, तर समोर पाड्यातली एक आजी.

"आमच्या पंपाचं कुंकू पुसलंस," ती म्हणाली. "परत हात लावू नको त्याला."

नवरा गेला तेव्हा माझ्या कपाळाचं कुंकू बायकांनी असंच पुसलं होतं. तेव्हा मला काय झालं होतं, ते मी साफ विसरले होते. या गोष्टीची मला आजही लाज वाटते. त्यानंतर त्या पाड्यावर दुसरा मेकॅनिक जायचा.

सहीचा रविवार मे महिन्यातला. पत्र्याच्या शेडमध्ये गाणी झाली, पास्टरांनी मला पुढे बोलावलं, अर्ज टेबलावर ठेवला. तेवढ्यात दारात एक बाई आली, घामाने निथळत, चपला हातात. मी ओळखलं तिला. त्या आजीची सून.

"चार दिस पंप बंद हाय," ती म्हणाली. "तो मेकॅनिक बाप्या आजारी पडला. पोरं नदीतल्या खड्ड्याचं पानी पितात, जुलाब लागलेत. सासूनं नाय धाडलं मला. मीच आली."

मी पाने-पकडींची पिशवी उचलली. पास्टर हळूच म्हणाले, "ताई, आज प्रभूचा वार. आधी सही होऊ दे, उपासना होऊ दे, मग जा."

"पोरांना तहान प्रभूच्या वारीही लागते," मी म्हणाले आणि स्कूटीवर सुनेला मागे बसवलं.

आजी पंपापाशीच बसली होती, मांडीवर नारळ. मी समोर उकिडवी बसले. "आजी, त्या दिवशी मी चुकले. तुमचं कुंकू पुसायचा मला काही हक्क नव्हता. पण नारळ मी फोडणार नाही. तुम्ही फोडा, मी थांबते."

"आन् तू काय करशील?"

"माझ्या देवाला विचारीन."

"विचार मग. मोठ्यानं नको."

तिने नारळ फोडला, मी डोळे मिटले. मग पाड्यातली आठ-दहा माणसं दोराला लावली. एकेक पाइप वर ओढायचा, पकडीत धरायचा, पुढचा सोडवायचा. हात सुटला तर पाइपांची सगळी ओळ बोअरमध्ये जाते, म्हणून कुणी बोलत नाही. शेवटी तळाचा सिलिंडर आला. आतलं चामड्याचं वायसर झिजून पापडासारखं झालं होतं. मी नवं घातलं, पाइप परत सोडले. दांडा मारायला सुरुवात केली तेव्हा ऊन डोक्यावर होतं. नुसती हवा येत होती. सुनेने दांडा घेतला, मग दुसरीने. आणि मग भसकन गढूळ पाणी आलं, थोड्या वेळाने स्वच्छ.

पोरं पाण्याखाली तोंडं धरून एकमेकांना ढकलत होती. मी रडले. माझं काम कोणतं, असं देवाला इतकी वर्षं गुडघे टेकून विचारत होते, ते माझ्या हातात होतं आणि मी दुसरीकडे शोधत होते. मला देवाचा रागही आला, की आधी का नाही सांगितलं.

आजीने ओल्या पंपाला पुन्हा कुंकू लावलं. माझ्याकडे न बघता म्हणाली, "पुढल्या टायमाला तूच ये."

संध्याकाळी मी पास्टरांच्या घरी गेले. अर्ज त्यांनी जपून आणला होता. "तिथे वचन सांगितलंस?" त्यांनी विचारलं.

"नाही."

"मग काय केलंस?"

"पाणी काढलं."

त्यांनी अर्ज माझ्याकडे सरकवला. मी परत सरकवला. "मी सही करणार नाही, पास्टर. मला देवाने ज्या कामाला बोलावलंय, त्या कामावर मी आधीच आहे."

"हा गर्व आहे, ताई."

"असेल. त्याची क्षमा मी देवाकडे मागेन. पण पाना खाली ठेवणार नाही."

मंडळी मी सोडली नाही. का सोडू? दर रविवारी जाते, पुढेच बसते. देवाच्या सेवेत असलेल्यांसाठी प्रार्थना होते तेव्हा पास्टर एकेकाचं नाव घेतात. माझं घेत नाहीत. ते थांबले की माझं नाव मी स्वतः घेते, सगळ्यांना ऐकू जाईल असं.