ओल्या हाताचा तंबाखू

आमच्या घरात ब्राझील शिरला तो लेकीच्या दहावीच्या भूगोलातनं. तोवर ब्राझील म्हणजे फुटबॉलवाले, एवढंच आम्हाला ठाऊक. शाळेतल्या बाईंनी वर्गातल्या एकेकीला ब्राझीलचं एकेक राज्य वाटून दिलं आणि सांगितलं, तिथली माणसं कशावर जगतात ते शोधा आणि वही करून आणा. शेजारच्या पोरीला कॉफीचं राज्य आलं. आमच्या वाट्याला आलं रिओ ग्रांदे दो सुल. माझी तर जीभच वळेना. मी म्हटलं, "आगं, ह्यापरीस अक्कलकोट दिलं असतं तर काय बिघडलं असतं तुझ्या बाईंचं?"

आम्ही कुंभारीला विडी कामगारणींच्या घरकुलात राहतो. घरात चौघं. मी, माझी लेक, माझा धाकटा भाऊ आणि त्याची बायको. नवऱ्यानं मला टाकल्यावर भावानं घरी आणलं, आणि भावजयीनं एकदाही तोंड वाकडं केलं नाही. भाऊ टॉवेलच्या कारखान्यात जातो. आम्ही दोघी विड्या वळतो. दुपार कलली की गल्लीतल्या सहा-सात बाया आमच्या दारातल्या सावलीला आपापली सुपं घेऊन यायच्या. सुपात तंबाखू, मांडीवर ओल्या फडक्यात गुंडाळलेली टेंभुर्णीची पानं. पान ओलं नसलं तर वळताना फाटतं, म्हणून फडकं सारखं भिजवत राहायचं.

विडी वळताना हात गुंततात, कान मोकळे राहतात. लेक शाळेतनं आली की आमच्यात बसून धडे मोठ्यानं वाचायची. तीसुद्धा चार बंडलं वळायची, पण वाचायला बसली की तिचं वळणं राहायचं. म्हणून प्रत्येक बाई आपल्यातल्या थोड्या विड्या तिच्या सुपात टाकायची. शिवणाऱ्याला शिवणावळ, तशी ही वाचणावळ. कुणी ठरवलं नव्हतं, आपोआप सुरू झालं.

तर त्या वहीपायी ब्राझीलचं ते खालच्या टोकाचं राज्य आमच्या दारात रोज वाचलं जाऊ लागलं. सोयाबीन, भात, गुरं, चपला-बूट, द्राक्षं. बाया जांभया द्यायच्या. मग एक दिवस तंबाखू आला आणि सगळ्या सरसावून बसल्या. तिथं म्हणे लहान लहान शेतकरी घरची माणसं घेऊन तंबाखू करतात. बी कंपनी देते, खत कंपनी देते, आणि वाळलेलं पान घ्यायची वेळ आली की हे हलकं, हे भारी, असं निवडून भावही कंपनीच पाडते.

"म्हंजे तितं बी चेकर हायच की!" एकजण म्हणाली, आणि आम्ही पोट धरून हसलो. आमच्या विड्या कारखान्यात तपासणारा तो चेकर. त्याला पसंत नाही ती विडी छाट. छाट परत मिळत नाही आणि तिचे पैसेही मिळत नाहीत. त्या ब्राझीलच्या बायांची मला त्या दिवशी फार माया आली.

भावजय मात्र हसता हसता उठली आणि मोरीपाशी जाऊन ओकली. तिला सहावा महिना चालू होता. त्याआधी दोनदा तिचं पोट पडलं होतं. हे तिसरं. ह्या वेळी तरी मूल हाताला लागू दे, एवढं एकच मागणं घरात होतं. भाऊ तर तिच्यासमोर मोठ्यानं बोलायचासुद्धा नाही. आणि सहावा लागला तरी तिच्या ओकाऱ्या थांबत नव्हत्या. चक्कर यायची, तोंडाला पाणी सुटायचं. आम्ही म्हणायचो, पोटुशी बाई आहे, व्हायचंच.

चार-आठ दिवसांनी लेक मला आत चुलीपाशी घेऊन गेली. वहीत नवीन पान लिहिलं होतं. म्हणाली, "आई, हे आदी तुला दावते. तितल्या शेतात ओली पानं तोडताना तंबाखू कातड्यातनं अंगात जातो. माणसं ओकतात, गरगरतात. पोटातल्या लेकराला तर लई वाईट, असं लिव्हलंय. मामीचं बी तसंच हाय."

मी फणकारले. "तितं हिरवा तंबाखू, शेतातला. आपला वाळलेला. आपलं पान ओलं असतं, तंबाखू न्हाय. उगं शहाणपणा करू नगं."

"हात ओला हाय की, आई."

पोरीनं बरोबर नेम धरला होता. असं कुणी पकडलं की मला राग येतो, हा माझा जुना आजार. मी म्हटलं, "पोटुशीसमोर असलं अभद्र वाचायचं न्हाय. हे पान गाळ. बाईंना दे, दारात वाचू नगं." पोरीनं वही मिटली. दुसऱ्या दिवशी तिनं ते पान गाळून पुढचं चामड्याच्या कारखान्यांचं वाचलं. बायांनी नेहमीसारखी वाचणावळ टाकली.

मी का गाळायला लावलं? कार्डापायी. विडी कामगारणीला बाळंतपणाचे पैसे मिळतात, पण कार्ड चालू पाहिजे. तिच्या नावावर महिन्याच्या महिन्याला माल पडला पाहिजे, मध्ये खंड पडला की संपलं, असं आम्ही धरून चाललो होतो. दोन वेळच्या दवाखान्यानं घर पार धुऊन निघालं होतं. मला वाटलं, अजून अडीच-तीन महिने कसेबसे रेटले की बाळंतपण निभावेल. तिचं भलंच बघत होते मी. असं मी अजून स्वतःला सांगते.

तिची हालत बायांना दिसत होतीच. गल्लीतली एक मोठी बाई, तिला आम्ही सगळ्या आपा म्हणायचो, ती एक दिवस मला म्हणाली, "इसकू सुला दे गे. हम सब दो-दो बंडल डालते इसके नाम पे. इसका कार्ड चलता रहता." बाकीच्यांनी माना डोलावल्या. भावजयीनं माझ्याकडं पाहिलं. मी व्हय म्हणावं म्हणून पाहिलं, हे मला तेव्हाही कळलं होतं.

मी नाही म्हणाले. कारण काय, तर चेकर हात ओळखतो. विडी वळणाऱ्या कुठल्याही बाईला विचारा, हेच सांगेल. एकीची विडी कमरेत फुगते, एकीची तोंडाशी घट्ट. तोंड दुमडताना नखाची चिमट प्रत्येकीची वेगळी. मी वीस वर्षं वळतेय, सात जणींच्या विड्या एकत्र टाकल्या तर कुणाची कुठली हे डोळे मिटून सांगेन. मग चेकरला कळणार नाही? सात हातांचा माल एका कार्डावर दिसला की तो सगळा छाट करणार आणि कार्डही जाणार. "उपकार नगंत," मी आपाला म्हटलं, "तिला बसून वळायला काय झालंय? आमी काय पोटुशा नव्हतो?"

भावजयीनं फडकं भिजवून घेतलं.

आठव्या महिन्यात एका सकाळी ती म्हणाली, "आक्का, कालधरनं हालत न्हाय." रिक्षा करून दवाखान्यात नेलं. डॉक्टरीणबाईंनी दोनदा मशीन लावून पाहिलं आणि मान हलवली. मूल पोटातच गेलं होतं. मुलगी होती. केस भरपूर होते. भावानं तिला टॉवेलात घेतलं, त्यानंच विणलेल्या, आणि दवाखान्याच्या पायऱ्यांवर बसून राहिला. मी कारण विचारलं. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, रक्त फार कमी होतं, दाब वाढला होता, कारणं बरीच असतात, नेमकं एक सांगता येत नाही. मग त्यांनी विचारलं, काम काय करते? मी म्हटलं, घरकाम.

माझ्या लेकीनं मला एका शब्दानं विचारलं नाही. विचारलं असतं, भांडली असती, तर मी तिला दोन दणके दिले असते आणि मग रडले असते. तिनं दारात वाचायचं तेवढं बंद केलं. अभ्यास आहे म्हणाली.

भावजय महिनाभर अंथरुणाला होती. कार्ड बंद पडू नये म्हणून तिचा वाटा मी वळला. माझा आणि तिचा. वेगळा हात आणता येतो का ते करून पाहिलं, चिमट बदलली, पण हात काही बदलत नाही. पहिल्या दिवशी कारखान्यात मी दोन्ही माल पुढं ठेवले. चेकर मोबाईलवर कुणाशी बोलत होता. त्यानं तिच्या नावाचा माल ओढला, नेहमीसारख्या मूठभर विड्या छाट म्हणून बाजूला फेकल्या आणि तिच्या कार्डावर सही केली. एकही विडी त्यानं नीट बघितली नाही. महिनाभर नाही. त्या खिडकीसमोर मला ओरडावंसं वाटलं, अरे बघ की रे मुडद्या, हा तिचा हात न्हाय! महिनाभर मी सही झालेलं कार्ड घेऊन घरी येत राहिले.

दीडेक महिन्यानं भावजय पुन्हा सूप घेऊन माझ्या शेजारी बसली. दारात आम्ही दोघीच होतो. सकाळी गावातली नर्स येऊन तिला काहीबाही सांगून गेली होती. तिनं एक विडी वळली, दोरा बांधला, आणि खाली बघतच विचारलं, "आक्का, ती नर्सबाई म्हणत होती, पोटुशी बाईनं तंबाखूत हात घालायचा नसतो म्हणं. तुमाला म्हाईत होतं व्हय?"

मी म्हटलं, "न्हाय गं बाई. मला कुटलं म्हाईत?"

तिनं मान वर केली. माझ्यावर तिचा विश्वास होता, तो तोंडावर दिसत होता. म्हणाली, "मग जाऊ द्या. म्हाईत असतं तर तुमी मला सुपावरनं उठवलं असतं."

तिला वाचता येत नाही. म्हणून हे लिहू शकले.